भर उन्हात लेझर लेव्हलची रेषा दिसत नाही: चिऱ्याच्या कुंपणभिंतीसाठी काय वापरावे?

नमस्कार मंडळी,

लांजा तालुक्यात आमच्या घराच्या आवाराला चिऱ्याची (जांभा दगडाच्या ठोकळ्यांची) कुंपणभिंत बांधण्याचे काम सुरू आहे आणि तिची पातळी काढण्याच्या बाबतीत मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. रस्त्याकडची बाजू सुमारे ४५ मीटर लांब असून वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत जमीन जवळजवळ पावणेदोन मीटर उतरते. त्यामुळे भिंत सलग एका पातळीत नेता येणार नाही. पाया टप्प्याटप्प्याने खाली न्यावा लागेल आणि प्रत्येक टप्पा चिऱ्याच्या पूर्ण थरांच्या पटीतच उतरायला हवा, नाहीतर जागोजागी चिरे तासून पातळ करत बसावे लागते, आणि ते गवंड्यांनाही आवडत नाही व भिंतीलाही शोभत नाही. खालच्या कोपऱ्याजवळून पऱ्या वाहतो, तेव्हा पायाचे काँक्रीट मृग लागण्याच्या आत होणे आवश्यक आहे.

माझ्याकडे लाल रेषेची क्रॉसलाइन लेझर लेव्हल (प्रकाशाची आडवी व उभी सरळ रेषा पाडणारे यंत्र) आहे. घरातल्या फरशीच्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कामात ती अतिशय उपयोगी पडली. उघड्यावर मात्र चित्र वेगळे आहे. सकाळी साडेनऊच्या सुमारास यंत्रापासून तीन-चार पावलांवर चिऱ्यावरची रेषा कशीबशी ओळखू येते, दहा पावलांवर हाताची सावली धरली तरच एक फिकट पट्टी दिसते, आणि त्यापुढे काहीच दिसत नाही. दुपारनंतर खारे वारे सुटले की रेषा समपातळीत ठेवणारा आतला लंबकही हलत राहतो व जवळची रेषासुद्धा थरथरू लागते.

आमचे गवंडी लेव्हल पाइपवर (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीवर) काम करतात आणि त्यांचा हात चांगला आहे. परंतु एवढ्या लांबीत पाइप अनेकदा उचलून पुढे न्यावा लागतो, प्रत्येक वेळी थोडी चूक जमा होते, आणि नळीत अडकलेला एखादा बुडबुडा नजरेतून सुटला तर सगळीच खूण चुकते. म्हणून मला पुढील गोष्टी विचारायच्या आहेत. हिरव्या रेषेची नवी लेझर घेतली तर भर उन्हात ती दिसेल का? आहे त्याच यंत्राला रिसीव्हर (लेझर ओळखून आवाज करणारे उपकरण) जोडून काम भागेल का, आणि तो घेण्याआधी काय तपासावे? रेषा ठळक दिसावी म्हणून लाल चष्मा मिळतो, त्याचा कितपत फायदा होतो? आणि हे सगळे सोडून ऑटो लेव्हल (पातळी काढण्याची तिपाईवरची दुर्बीण) भाड्याने आणणे अधिक शहाणपणाचे ठरेल का? खर्च करण्याची तयारी आहे, मात्र तो योग्य वस्तूवर व्हावा अशी इच्छा आहे.

प्रतिसाद १

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी बांधकामाच्या आखणीचे काम करतो.

प्रथम हिरव्या लेझरविषयी. माणसाचा डोळा दिवसाच्या उजेडात ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. लाल लेझर साधारण ६३५ नॅनोमीटरची आणि हिरवी ५२० ते ५३२ नॅनोमीटरची असते, त्यामुळे तेवढ्याच शक्तीची हिरवी रेषा आपल्याला तीन-चार पट उजळ भासते. घरात हा फरक लगेच जाणवतो. पण खोलीतला उजेड ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो आणि भर दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या घरात जाते, म्हणजे पार्श्वभूमी दोनशे पटींहून अधिक उजळ होते. तिथे तीन-चार पटींची वाढ पुरत नाही. शिवाय रेषा काढणारे यंत्र आपला प्रकाश पंख्यासारखा पसरवते. १२० अंशांचा पंखा १० मीटर अंतरावर जवळजवळ २१ मीटर लांबीच्या रेषेत वाटला जातो आणि प्रत्येक इंचाच्या वाट्याला फारच थोडा प्रकाश येतो. शक्ती हवी तेवढी वाढवता येत नाही, कारण ती डोळ्यांच्या सुरक्षेच्या मर्यादेत ठेवावी लागते.

आपल्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. जांभा दगड लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडा असतो, म्हणजेच तो लाल प्रकाश बऱ्यापैकी परत पाठवतो आणि हिरवा मोठ्या प्रमाणात शोषून घेतो. पांढऱ्या भिंतीवर हिरव्या रेषेचा जो फायदा दिसतो, तो चिऱ्यावर बराचसा नाहीसा होतो. लाल चष्म्याचेही तसेच आहे. चष्मा लाल सोडून इतर रंग अडवतो, पण चिऱ्याने ते काम आधीच केलेले असते, त्यामुळे चष्म्याने फारशी भर पडत नाही. तो चष्मा डोळ्यांचे लेझरपासून रक्षण करण्यासाठी नसतो, हेही लक्षात असू द्यावे. जवळच्या अंतरावर काम असेल तर चिऱ्यावर रेषा शोधण्याऐवजी पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा सावलीत धरून त्यावर ती पाहावी.

रिसीव्हर हा खरा उपाय आहे, कारण तो उजेडाची तुलना करत नाही. पल्स मोडमध्ये लेझर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करते आणि रिसीव्हर फक्त ती उघडझाप ओळखतो. सूर्यप्रकाश स्थिर असल्यामुळे तो गाळला जातो. म्हणून डोळ्याला रेषा अजिबात दिसत नसतानाही रिसीव्हर आवाज करून पातळी दाखवतो, अनेक यंत्रांच्या बाबतीत ५० मीटरपर्यंत. मात्र आपल्या यंत्रात पल्स मोड असायलाच हवा. तो नसेल तर कितीही महाग रिसीव्हर आणला तरी उपयोग नाही. असा मोड असलेल्या यंत्रात तो सुरू करताच रेषा किंचित मंद होते. रिसीव्हर आपल्या लेझरच्या रंगासाठी आहे का हेही पाहावे, कारण काही रिसीव्हर केवळ लाल रंगाचे असतात.

अचूकतेचा हिशेबही करून पाहावा. अशा यंत्रांची अचूकता बहुधा मीटरला ०.३ मिलिमीटर दिलेली असते. यंत्र एका कोपऱ्यात ठेवले तर ४५ मीटरवर साडेतेरा मिलिमीटरपर्यंत चूक होऊ शकते. मध्यावर ठेवल्यास अंतर निम्मे होते, पण तेवढ्यावर थांबू नये. पंखा एका बाजूला किंचित कलंडलेला असेल तर त्याचे एक टोक वर आणि दुसरे खाली जाते, आणि मध्यावर ठेवूनही तो दोष दुप्पट होऊन समोर येतो. म्हणून तिपाईवर यंत्र फिरवून रेषेचा तोच मधला भाग आधी एका कोपऱ्याकडे व मग दुसऱ्या कोपऱ्याकडे रोखावा. दोन्ही अंतरे सारखी असली की यंत्राचा दोष दोन्हीकडे सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो.

तरीही हे काम माझे असते तर मी ऑटो लेव्हल आणली असती. तिच्या दुर्बिणीतून दूर उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचे आकडे वाचतात, त्यामुळे ऊन जितके स्वच्छ तितके वाचन सोपे, आणि ४५ मीटरच्या कामात एक-दोन मिलिमीटरच्या आत निकाल मिळतो. वारा असेल तेव्हा तिपाईचे पाय मातीत नीट रोवावेत, आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरत असते म्हणून पट्टीचा अगदी तळाचा भाग वाचू नये.

प्रतिसाद २

वरील सगळे मान्य आहे. त्यात एक भर घालतो. यंत्र तेच वापरायचे असेल तर वेळ बदलावी. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने तीच लाल रेषा पुष्कळ लांबपर्यंत दिसू लागते आणि खारे वारेही बहुधा पडलेले असतात. त्या वेळी प्रत्येक टप्प्यावर लोखंडी खुंट्या ठोकून त्यांवर पातळीची खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी गवंड्यांनी त्या खुंट्यांना लाइनदोरी बांधून बांधकाम करावे. रेषा दिवसभर डोळ्यासमोर असण्याची आवश्यकता भिंतीच्या कामात नसते. खुणा पक्क्या असल्या की पुढचे काम दोरी आणि ओळंबा करतात.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या यंत्रात पल्स मोड नाही असे माहितीपुस्तिकेवरून स्पष्ट झाले, त्यामुळे रिसीव्हरचा विचार सोडला आहे, आणि जांभ्याविषयीचे वाचल्यावर हिरवी लेझर घेण्याचाही. पायाचे टप्पे ऑटो लेव्हलने आखून घेतो. मधल्या खुंट्या संध्याकाळी माझ्याच लेझरने तपासून पाहीन. एकच शंका उरते. सगळी बाजू खणली जाणार आहे, तर मूळ पातळीची खूण कुठे ठेवावी?

प्रतिसाद १

खणण्याच्या रेषेपासून चार-पाच मीटर आत उघडा कातळ असेल तर त्यावर छिन्नीने खूण कोरून रंगाने गोल करावा. नसेल तर घराच्या जोत्यावर खूण करावी, कारण जोते आता बसून स्थिर झालेले असते. झाडाच्या बुंध्यावर किंवा विजेच्या खांबावर करू नये. दररोज काम सुरू करण्यापूर्वी पट्टी आधी त्या खुणेवर धरून वाचन नोंदवावे आणि काम संपताना तेच वाचन पुन्हा घ्यावे. दोन्हींत तीन मिलिमीटरहून अधिक फरक आला तर तिपाई हलली असे समजून त्या दिवशीच्या खुणा काँक्रीट ओतण्याआधी पुन्हा काढाव्यात.