मामांचं पुष्पक भंगारात जाऊ द्यायचं नाही, सुरुवात कुठून करू?

वाळपईचा_भाचा

नमस्कार मंडळी. हसू नका, पण आमच्या मामांच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) काजूच्या शेडखाली एक विमान आहे. एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं) पुष्पक. दोन सीटं शेजारी-शेजारी, पंख डोक्यावर. घाटापलीकडच्या एका फ्लाइंग क्लबने मोडीत काढलं तेव्हा मामांनी लिलावात घेतलं. तरुणपणी याच जातीच्या विमानावर शिकले होते. पंख उतरवून भिंतीला टेकवलेत, धडावरचं कापड जागोजागी फाटलंय, इंजिन जागेवर आहे, त्याला ताडपत्री गुंडाळलीय. सीटवर मामीची सुपारीची पोती.

मामा गेल्या वर्षी वारले. मामी म्हणते, तू ने, नाहीतर चवथीच्या आधी शेड रिकामी करायचीय, भंगारवाल्याला देते. तो वजनाचा अंदाजही घेऊन गेला! मी पणजीत बँकेत, पान्ह्याशी संबंध स्कूटरपुरता. हे परत उडेल का? इंजिन जाम आहे का ते बघायला येत्या रविवारी प्रोपेलर हाताने फिरवून बघणार आहे.

म्हापशेकर

भंगाराचं विमान होणं आपल्याकडे नवं नाही. महायुद्धानंतर कानपूरला लिबरेटर बॉम्बर टाकून दिले होते, कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. एचएएलच्या माणसांनी 1948च्या सुमारास त्यातलेच जोडूनजाडून उडवले आणि वायुदलाने ते 1968पर्यंत वापरले. पुढे त्यातलीच काही परदेशातल्या संग्रहालयांनी नेली. तुमचं तर निदान एका जागी आहे.

चिखलीकर_फिटर

भाचेबुवा, आधी रविवारचा बेत रद्द करा. प्रोपेलरला हात लावायचा नाही.

इंजिनाला ठिणगी पुरवतो त्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. स्विचकडून येणारी वायर उंदराने कुरतडलेली असली, तर स्विच ‘ऑफ’ असूनही मॅग्नेटो जिवंत असतो, आणि या जुन्या कॉन्टिनेन्टल इंजिनांत हळू फिरवलं तरी ठिणगी पडायची सोय केलेली असते, कारण ती हातानेच सुरू करायची. टाकीत घोटभर पेट्रोल राहिलेलं असलं तर हात जायचा. दुसरं, सिलिंडरच्या भिंती गंजल्या असतील तर फिरवताना रिंगा त्या ओरबाडून काढतील. वरचे प्लग काढा, भोकांतून तेल सोडा, मुरू द्या. पुढचं काम जाणकाराने करायचं. इंजिन हा त्यातला सोपा भाग आहे. यातल्या कॉन्टिनेन्टल सी-90चा धाकटा भाऊ ओ-200 सेसना 150मध्ये बसायचा, त्यामुळे अजून भाग मिळतात.

खरा निकाल लागतो तो धडाच्या नळ्यांत. कापडाच्या आत पोलादी नळ्यांचा वेल्डिंग केलेला सांगाडा आहे. शेपटाकडच्या खालच्या लांब नळ्यांत पाणी साचतं आणि गंज आतून खातो. बाहेरचा रंग शाबूत, आत पापुद्रा. टोकदार पंच घ्या, शेपटाकडून सुरुवात करून खालच्या नळीवर बोटाबोटाच्या अंतराने ठोका, जोर एकसारखा ठेवा. ठणठणीत आवाज आणि बारीक ठिपका उठला तर बरं. दबलं किंवा आरपार गेलं तर तेवढा तुकडा कापून त्याच जातीची नळी आत घालून वेल्ड करावी लागते. दोन-तीन ठिकाणी झालं तर घाबरू नका. सगळी तळनळी चाळण झाली असेल तर उडवायचा विषय तिथेच मिटवा.

तुमच्या सत्तरी तालुक्याच्या दमट हवेत अजून एक पथ्य: नळी घासून उघडी केली की त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. रात्रभर ठेवलीत तर सकाळी लाल झालेली असेल.

पंखांतले स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणारे लांब दांडे, लाकडी. बोल्टच्या भोकांजवळ आणि रिबा (फासळ्या) ठोकल्या आहेत तिथे टॉर्च आडवा धरून बघा, केसाएवढी चीर आडव्या उजेडातच दिसते. वाळवी तर तुम्हाला मी शिकवायला नको. पंख भिंतीला टेकवलेत ते जमिनीवरून उचला, आजच. आणि पिटो ट्यूबमध्ये (हवेतला वेग मोजायची नळी) कुंभारमाशीचं घर असणारच.

कापड काढाल तेव्हा नंबर आणि खुणा असलेले तुकडे कापून जपा. बाकीचं परसात जाळू नका. जुना डोप (कापड ताठ करायला लावतात तो लेप) नायट्रेटचा असला तर भडका उडतो. अंधारात चमकायचे म्हणून सांगतात ते डायल उघडू नका. चमक गेली तरी रंगातलं किरणोत्सर्गी रेडियम शेकडो वर्षं टिकतं.

उडेल का? पुष्पक 1958 साली पहिल्यांदा उडालं, दीडशेच्या आसपास बनली. उडवायचं तर डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी, परवानाधारक इंजिनीयर आणि सगळ्यात आधी लॉगबुकं, म्हणजे विमानाच्या उड्डाणांच्या आणि दुरुस्तीच्या नोंदवह्या. माझं मत विचाराल तर सध्या उडायचं डोक्यातून काढा. बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात शॉर्ट सीलँड हे पाण्यावर आणि जमिनीवर उतरणारं जुनं विमान उभं आहे, बेलफास्टचं. तसली एकूण 25 बनली, उरली तीन. ते उडवा असं कुणी म्हणणार नाही, कारण उडवायचं तर निम्मा मूळ पत्रा बदलावा लागेल आणि मग उरलं काय? नौदलात असताना अधिकाऱ्यांना हे सांगून मी बोलणी खाल्ली आहेत, पण मत बदललं नाही.

डिचोलीची_वाचक

लॉगबुकांबद्दल एक सांगते: कपाटात नसली तर मामींना बँक लॉकर, देवघराची पेटी, गादीखाली सगळं बघायला सांगा. आमच्या अण्णांनी जमिनीची कागदपत्रं तांदळाच्या पिंपात ठेवली होती. आणि नंबरची धातूची पाटी सगळ्यात आधी शोधून तिचा फोटो काढा. भंगारवाला एकदा आत येऊन गेलाय ना?

वाळपईचा_भाचा

पाटी सापडली, जागेवर आहे. लॉगबुकं दोन मिळाली, इंजिनाचं नाही. मामीने पोती हलवली आणि ‘मामांचं आहे म्हणून चवथीनंतरही ठेवू’ म्हणाली. काका, शेपटाच्या तीन जागी पंच दबला, बाकी ठणठणीत. आता हे फोंड्याला मित्राच्या गॅरेजमध्ये नेतोय. शेपटाचे बोल्ट निघत नाहीत, मेकॅनिक म्हणतो ग्राइंडर मारू.

चिखलीकर_फिटर

ग्राइंडर नको! ठिणगी डोपच्या कापडावर पडली तर सगळंच गेलं. भेदक तेल लावून एक रात्र ठेवा, मग पान्ह्याने थोडं घट्ट करा आणि उलटं फिरवा. बोल्ट निघाला की त्याच भोकात परत घालून ठेवा, हरवत नाही. तीन जागांचे फोटो टाका, नळीचा बाहेरचा व्यासही मोजून लिहा.