स्पॅनिश शब्द पाठ करावेत की लॅटिनवरून ओळखावेत?

शब्दवेडा:
स्पॅनिशच्या क्लासात नुसत्या याद्या घोकून घेतात, ते मला पटत नाही. आधी लॅटिनचे चार ध्वनिनियम शिकवा. लॅटिनमधल्या 'क्त'चा स्पॅनिशमध्ये 'च' झाला: 'नोक्तेम'चं 'नोचे' (रात्र), 'ओक्तो'चं 'ओचो' (आठ), 'लाक्तेम'चं 'लेचे' (दूध). इंग्रजीत त्यांचेच भाऊबंद नॉक्टर्नल, ऑक्टोबर, लॅक्टोज. 'अष्ट'चं 'आठ' करणाऱ्यांना हे अवघड जाऊ नये. नोचे तद्भव, नॉक्टर्नल तत्सम, इतकं सोपं.

रोखठोक:
अहो, गोची तिथेच आहे! स्पॅनिशचे रोजचे शब्द झिजलेले तद्भव, आणि इंग्रजीतले त्यांचे नातलग बहुतेक पुस्तकी. मुलगा म्हणजे 'इखो' हे लक्षात ठेवायला इंग्रजी 'फिलिअल' (अपत्यासंबंधी) आठवत बसू? आणि लॅटिनमधला शब्दारंभीचा 'फ' स्पॅनिशमध्ये गळतो म्हणे. 'फेर्रुम'चं 'येर्रो' (लोखंड) झालं, मग 'फेस्ता'चं 'फिएस्ता' (सण) का राहिलं? त्यातला फ कुठे गळला?

शब्दवेडा:
एका फिएस्तावरून नियम मोडीत काढू नका. 'फुएगो' (आग), 'फुएन्ते' (झरा) बघा. 'उए'च्या आधी फ टिकतो, म्हणजे अपवादांनाही बऱ्याचदा शिस्त असते.

अनुस्वार:
इंग्रजीशी साम्य दिसलं की मी आधी सावध होतो. 'मुचो' आणि इंग्रजी 'मच' सारखेच वाटतात, अर्थही तोच, पण नातं शून्य: मुचो लॅटिन 'मुल्तुस'वरून, मच जुन्या इंग्रजीतून. 'दिया' (दिवस) आणि 'डे'चंही तसंच. 'एक्सितो' आणि 'एक्झिट' मात्र खरोखर एकाच लॅटिन शब्दाची पोरं, पण एक्सितो म्हणजे यश! 'एंबारासादा' दिसतं इंग्रजी 'एम्बॅरॅस्ड'सारखं, पण अर्थ गरोदर, हे वर्गात हसून शिकलेलं बरं, सासरच्या जेवणात नको. शिवाय 711 मध्ये मुस्लिम फौजा स्पेनमध्ये आल्या, त्यानंतर अरबीतून आलेले शब्द आहेतच. 'असेइते' (तेल) लॅटिनमध्ये कुठे शोधणार? 'असूकार' (साखर) तर अरबीमार्गे थेट आपल्या शर्करेपर्यंत पोचतो.

रोखठोक:
मग इंग्रजीचा वळसा कशाला, गोव्यामार्गे जा की. स्पॅनिश 'पागार' म्हणजे पैसे देणे, आणि आपला पगार पोर्तुगिजांकडून आला. 'यावे' (किल्ली) आणि आपली चावी, दोन्ही लॅटिन 'क्लाविस'च्या. हे मला न घोकता पाठ झालं.

शब्दवेडा:
म्हणजे मूळच पाहिलंत ना!

रोखठोक:
पाहिलं, पण पगार आधी येत होता म्हणून. तोंडी परीक्षेत समोरची बाई प्रश्न विचारून थांबते, तेव्हा मनात 'क्त'चा 'च' करायला वेळ मिळत नाही.