एसिक-१ए ची अँटीबॉडी: ब्लॉकिंग पेप्टाइडने दोन्ही बँड गेले, तर खरा कोणता मानावा?

वैदर्भी_जीवरसायन (नागपूर): नमस्कार. माऊसच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूचा एक भाग) लायसेटवर, म्हणजे पेशी फोडून काढलेल्या अर्कावर, मी एसिक-१ए (पेशीपटलातली, आम्लता ओळखणारी आयन-वाहिनी) या प्रथिनासाठी वेस्टर्न ब्लॉट (जेलवर प्रथिने वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने हवे ते शोधण्याची पद्धत) करते आहे. सशातली पॉलिक्लोनल अँटीबॉडी प्रथिनाच्या सी-टोकाविरुद्धची आहे. मला सुमारे ७० आणि ५५ किलोडाल्टनला असे दोन बँड दिसतात, शिवाय जेलच्या अगदी वर, वेलच्या तोंडाशी, काळपट डाग राहतो. ब्लॉकिंग पेप्टाइड (ज्या तुकड्याविरुद्ध अँटीबॉडी बनवली, तोच तुकडा) मिसळल्यावर दोन्ही बँड नाहीसे झाले. मग दोन्ही खरे धरावेत का? पार्सल मे महिन्यात आले, तेव्हा आतले जेल-पॅक पूर्ण वितळून कोमट झाले होते, म्हणून अँटीबॉडीवरही शंका येते.

चेतापेशी_अभ्यासक: ताई, ब्लॉकिंग पेप्टाइडची चाचणी नेमके काय सिद्ध करते, ते आधी पाहू. अँटीबॉडीची पेप्टाइडला बांधणारी जागा भरली, एवढेच ती सांगते; त्याच जागेने ती चुकून दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला चिकटत असेल, तर तो बँडही तितक्याच इमानाने नाहीसा होतो. त्यामुळे खरा निकाल एसिक-१ए नॉकआउट (हे जनुक निकामी केलेल्या) माऊसच्या ऊतीवरच लागतो. असे माऊस २००२ पासून उपलब्ध आहेत. त्यांच्या मेंदूच्या लायसेटमध्येही जो बँड टिकून राहील, तो एसिक-१ए चा नव्हे. सकारात्मक नियंत्रण म्हणून, म्हणजे एसिक-१ए चे जनुक बाहेरून घालून (ट्रान्सफेक्शन), एचईके-२९३ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी) पेशी घेणार असाल तर जपून, कारण त्यांत हे प्रथिन मुळातच असते आणि ट्रान्सफेक्शन न केलेली लेन रिकामी दिसेलच असे नाही. शिवाय १ए आणि १बी (त्याच जनुकाचे दुसरे रूप) यांच्यातला फरक एन-टोकाकडच्या साधारण पहिल्या तृतीयांशात आहे, म्हणून सी-टोकाची अँटीबॉडी दोन्हींना धरते.

प्रथिन_मित्र: वरच्या डागाचे कारण बहुधा नमुना ९५ अंशांवर उकळणे हे असावे. पटलातून आरपार जाणारी प्रथिने अशाने एकमेकांना चिकटून गोळा होतात. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पाहा. शिवाय पीएनगेज-एफ (प्रथिनावरच्या शर्करेच्या साखळ्या तोडणारे विकर) ची लेन जरूर लावा. या प्रथिनाचे मूळ वजन सुमारे ६० आहे आणि शर्करेच्या साखळ्यांमुळे ते वर धावते, म्हणून विकराने साखळ्या तोडल्यावर खरा बँड खाली सरकायला हवा. पार्सलची चिंता नको: आयजीजी (तुमची अँटीबॉडी ज्या प्रकारची आहे तो प्रकार) दणकट असते, दोन दिवसांच्या उन्हाने ती सहसा मरत नाही, वारंवार गोठवण्या-वितळवण्यानेच अधिक नुकसान होते. लहान अलिकॉट (एकेका वापरापुरते भाग) करून ठेवा.

वैदर्भी_जीवरसायन: आपल्या दोघांचे मनःपूर्वक आभार. ३७ अंशांवर ठेवल्याने वरचा डाग बराच उतरला. पीएनगेज-एफ नंतर ७० चा बँड साठाजवळ आला, ५५ चा मात्र तसूभरही हलला नाही. तो प्रथिनाचा तुटलेला तुकडा आहे की दुसरेच काही, हे नॉकआउट ऊतीवाचून मला म्हणता येणार नाही, म्हणून तोवर प्रमाण मोजताना मी फक्त वरचाच बँड धरणार आहे आणि प्रबंधात ब्लॉट मात्र न कापता, पूर्ण देणार आहे.