इव्हानो बालिचचं नेमकं वेगळेपण काय?

प्रश्न: बालिचला २००३ आणि २००६ मध्ये जगातला सर्वोत्तम हँडबॉलपटू निवडलं. मधल्या बॅकवर (मागच्या फळीत मधोमध राहून हल्ला रचणाऱ्या जागेवर) खेळताना तो असं काय करायचा? शिकणाऱ्यांनी काय बघावं?

उत्तर १: हात बघू नका, पाय बघा. नियमाने चेंडू घेऊन तीनच पावलं आणि तीनच सेकंद मिळतात. तो दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत घुसायचा, फेकीचा आव आणायचा. दोघंही त्याच्यावर आले की गोलसमोरच्या सहा मीटर रेषेवरचा पिव्हट (बचावपटूंच्या मध्ये उभा राहणारा आपला खेळाडू) मोकळा! पास लवकर सुटला तर दुसरा बचावपटू मागे सरकतो. उशीर झाला तर चौथं पाऊल पडतं, नाहीतर धडकेचा फाउल. नवी मुलं इथेच चुकतात, आधीच पिव्हटकडे बघतात.

उत्तर २: सहमत. क्लब कारकीर्दही बघा: क्रोएशियात स्प्लिट, मेत्कोविच, मग स्पेनचा सान अँतोनियो, झाग्रेब, आत्लेतिको माद्रिद, शेवटी जर्मनीत वेट्झलार. क्रोएशियाकडून २००३ चं विश्वविजेतेपद, २००४ मध्ये अथेन्सला ऑलिंपिक सुवर्ण.

उत्तर ३: २०१२ चं लंडन ऑलिंपिकमधलं कांस्यही धरा. सरावासाठी दोन विरुद्ध दोन खेळवा, पिव्हटसह. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) बंद ठेवा.