मदत हवी आहे: क्लबच्या आचारसंहितेचा मराठी नमुना, रविवारच्या आत

त्रिमूर्तीनगरचा_बाबा
नमस्कार मंडळी. क्लबसाठी आचारसंहिता लिहायची आहे. पालक, मुलं, सर, सगळ्यांनी कसं वागायचं ते. रविवारी ११ वाजता मीटिंग आहे आणि हे लचांड माझ्या गळ्यात पडलं आहे. नेटवर जे मिळतं ते सगळं इंग्रजीत, आठ-आठ पानांचं. आमच्याकडे कोणी वाचणार नाही. कुणाकडे मराठीत तयार असेल तर टाका, एक-दीड पान पुरे. पालकांच्या वागणुकीवर जोर हवा. गुगल कर म्हणू नका, करून झालं.

तर्री_जास्त
आचारसंहिता? निवडणूक लागली का बे?

मानेवाडा_चौक
क्लब कसला, मुलं केवढी, तुम्ही पालक की पदाधिकारी? काहीच लिहिलं नाही. आमच्या सोसायटीच्या बॅडमिंटन क्लबची नियमावली आहे माझ्याकडे, "शटल ज्याचे त्याने आणावे"पासून सुरुवात आहे. चालेल का?

त्रिमूर्तीनगरचा_बाबा
मार्शल आर्टचा क्लब आहे हो. मुलं लहान-मोठी सगळी. मी पालक आहे, खजिनदारपण आहे. बॅडमिंटनचं नको.

पांढरा_पट्टा_४२
मार्शल आर्ट म्हणजे नेमकं काय? फरक पडतो. तायक्वांदोत हाताने तोंडावर ठोसा चालतच नाही, बॉक्सिंगमध्ये तोच खेळ आहे. ज्युदोत समोरच्याने दोनदा थोपटलं की तत्क्षणी सोडायचं, हा पहिला नियम. मी ४२व्या वर्षी पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात केली आहे आणि माझ्या बाजूला सात वर्षांचा पोट्टा उभा असतो, पिवळा पट्टा लावून. तो मला "काका, मूठ अशी नाही" म्हणून शिकवतो. असो. खेळ सांगा.

त्रिमूर्तीनगरचा_बाबा
तायक्वांदो. वय ६ ते १७. मुली निम्म्या. आता कोणी नमुना देईल का?

जुना_मल्ल
कागदावर नियम लिहायची वेळ आली तिथेच शिस्त संपली. मी नागपूरच्या महाल भागातल्या आखाड्यात वाढलो. मातीला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय पाय टाकायचा नाही. वस्ताद बोलत असताना बाप आला तरी तो चप्पल काढून दारातच उभा राहायचा. कोणाची टाप नव्हती मधे बोलायची. तुम्ही सर्टिफिकेट आणि रंगीत पट्टे वाटता, मग पालक डोक्यावर बसतात. पोरांना कुस्तीत घाला.

नंदनवनची_ताई
काका, आणि वस्ताद रबरी नळीने पोटऱ्या सुजवायचे, तेही अलिखितच होतं का? माझ्या भावाच्या पाठीवर वळ आहेत अजून. "कोणाची टाप नव्हती" हाच तर प्रॉब्लेम होता.

जुना_मल्ल
मार खाल्ला म्हणून घडलो. आजची पोरं बोट लागलं की रडतात.

वकीलकाकू
घडलात की नाही ते नंतर पाहू, कायदा तेवढा सांगते. छडी देऊ नये हे शाळेपुरतं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. क्लब शाळा नाही म्हणून सुटत नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५: ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारलं, छळलं, हयगय केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि १८च्या आतलं कोणीही "मूल"च, १७ वर्षांचा सहा फुटी ब्लॅक बेल्टसुद्धा.
दुसरं, तुमच्या संहितेत "तक्रार आधी कार्यकारिणीपुढे मांडावी" हे वाक्य सरसकट घालू नका. लैंगिक गैरवर्तनाचा विषय असेल तर पॉक्सो कायदा, २०१२च्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे. समितीने घरगुती मिटवामिटवी केली की समितीच अडकते. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर हॉलच्या दारावर, मुलांच्या उंचीवर चिकटवा. मोठ्यांच्या उंचीवर नको.
क्लब धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला आहे ना? मग आमसभेचा ठराव करून घ्या, नाहीतर उद्या कोणीही म्हणेल "हे आम्ही मान्य कधी केलं?"

त्रिमूर्तीनगरचा_बाबा
काकू, धन्यवाद, पण आमच्याकडे तसलं काही नाही. सर देवमाणूस आहेत. विषय फक्त पालकांचा आहे. स्पर्धेत पालक ओरडतात, पंचांशी भांडतात, त्यावर काहीतरी हवं.

पॅडवाला_सर
चौदा वर्षं शिकवतो आहे, तायक्वांदोच. "सर देवमाणूस आहेत" हे ज्या क्लबमध्ये ऐकतो तिथे नियमांची जास्त गरज असते, हे मी स्वतः सर असून सांगतो. आधी सांगा, स्पर्धेत झालं काय? विनाकारण कोणी आचारसंहिता लिहीत नाही.

त्रिमूर्तीनगरचा_बाबा
विशेष काही नाही. जिल्हास्तरीय स्पर्धा होती. एका पालकाने मॅटच्या कडेला जाऊन पंचांना दोन शब्द सुनावले. मग सरांनाही खुर्चीतून उठवलं की तुम्ही बोला. सर बोलले, पंचांनी कमजोम (दंड) दिला, समोरच्या मुलीला गुण मिळाला, बाऊट (लढत) एका गुणाने गेली. थोडी धक्काबुक्की झाली. मारामारी नाही. संयोजकांनी क्लबला लेखी द्यायला लावलं की पुन्हा असं होणार नाही.

पांढरा_पट्टा_४२
म्हणजे पालकाच्या तोंडापायी पोरीची बाऊट गेली. कोचच्या गैरवर्तनाचा कमजोम खेळाडूच्याच खात्यात पडतो, हे पालकांना माहीतच नसतं. तुमच्या संहितेचं पहिलं वाक्य हेच ठेवा.

मानेवाडा_चौक
तो पालक म्हणजे तुम्हीच ना?

त्रिमूर्तीनगरचा_बाबा
हो. मग? म्हणूनच तर काम माझ्याकडे दिलं आहे. पोरगी सुस्त खेळत होती, दोन लाथा सरळ तिच्या डोक्यावर बसल्या, पंच खेळ थांबवून मोजायला तयार नाही, मी काय टाळ्या वाजवायच्या?

तर्री_जास्त
भाऊ 😂 चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

शंकरनगर_लॉन्ड्री
डोबोक (तायक्वांदोचा ड्रेस) आणि हेडगार्डला वास येत असेल तर आतून खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. उन्हात तासन्‌तास टाकू नका, फोम तडकतो. नागपूरच्या उन्हात तर आठवड्यात वाट लागते.

नंदनवनची_ताई
सुस्त का खेळत होती?

त्रिमूर्तीनगरचा_बाबा
वजन. तिचं ४२.३ भरत होतं आणि ४१च्या आत बसवायचं होतं. शेवटचे दोन दिवस जेवण बंद, पाणी घोट-घोट. सकाळी फुटाळा तलावाच्या रस्त्यावर रेनकोट घालून धावली. हे सगळेच करतात, त्यात काही नाही. तो आपला विषय नाही.

मेडिकल_चौक_नर्स
वय किती हिचं?

त्रिमूर्तीनगरचा_बाबा
१३.

मेडिकल_चौक_नर्स
भाऊ, रागावू नका, पण हाच विषय आहे. ४२.३ वरून ४१ म्हणजे अंगाच्या वजनाच्या तीन टक्के, आणि दोन दिवसांत जे जातं ते जवळजवळ सगळं पाणी. ते सुद्धा नागपुरात, मे महिन्यात, रेनकोट घालून. घाम वाळायला वाव नाही म्हणजे अंग थंडच होत नाही. आमच्या वॉर्डात दर उन्हाळ्यात उष्माघाताचे पेशंट येतात, पण ते बिचारे नाइलाजाने उन्हात असतात. वर कोरड्या पडलेल्या मुलीला डोक्यावर लाथा बसल्या. त्यानंतर तिला मळमळ, चक्कर, उजेडाचा त्रास काही?

त्रिमूर्तीनगरचा_बाबा
रात्री डोकं दुखतं म्हणाली. उपाशी होती म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी क्लासला गेली.

मेडिकल_चौक_नर्स
डॉक्टरांना दाखवा. आचारसंहिता नंतर लिहा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्पॅरिंग (सरावाच्या लढती) बंद.

विदर्भ_वाघ
सगळे खेळाडू वजन तोडतात ताई, तुमी खेळ पाह्यला नाही म्हणून असं वाटून राह्यलं. विनेशताईनं पॅरिसले काय कमी केलं? त्याशिवाय मेडल नाही भेटत.

पॅडवाला_सर
२०२४ला विनेश फोगाट २९ वर्षांची, ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये पोहोचलेली मल्ल. दिमतीला डॉक्टर, आहारतज्ज्ञ. तरी १०० ग्रॅमने गेलं आणि अपात्र ठरली. तेवढी यंत्रणा असून जे जमलं नाही ते तुम्ही तेरा वर्षांच्या पोरीकडून फुटाळ्यावर करून घेणार? ही वाढीच्या वयातली मुलं आहेत, सहा महिन्यांत वजन वाढणारच. मूल ज्या वजनाला आहे त्या गटात खेळवा.
माझी चूकही सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी मीच एका मुलाला वजनाच्या रांगेत उभं राहून थुंकायला लावलं होतं, प्लास्टिकच्या ग्लासात. दोनशे ग्रॅमसाठी. तो ग्लास त्याच्या आईने पाहिला. काही बोलली नाही, पुढच्या महिन्यापासून मुलगा यायचा बंद झाला. तेव्हा वाटलं, पालकांत दम नाही.

विदर्भ_वाघ
मंग खेळाचे सवलतीचे मार्क कसे भेटन दहावीले? पुढं गेलंच पाह्यजे नं.

मानेवाडा_चौक
तेरा वर्षांची आहे, दहावीला अवकाश आहे. सवलतीच्या गुणांचा वेगळा धागा आहे, तिकडे या.

जुना_मल्ल
उपाशी ठेवणं मात्र आम्ही कधी पाहिलं नाही. दूध, बदाम, तूप. वस्ताद स्वतः थंडाई घोटून द्यायचे. पोराला उपाशी ठेवून लढवणारा वस्ताद मी तरी ऐकला नाही.

नंदनवनची_ताई
मल्लकाका, पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

वकीलकाकू
बाबा, एक विचारते. वजन कमी करायला कोणी सांगितलं? आणि मुलीने "नको" म्हटलं असतं तर तिने कोणाला सांगायचं होतं?

त्रिमूर्तीनगरचा_बाबा
सरांनी ग्रुपवर रात्री यादी टाकली होती, नावापुढे "१.३ काढा". मी होकार दिला. ती काही म्हणाली नाही. तक्रारीसाठी समिती आहे आमची: सर, सरांचे मेव्हणे आणि मी.

तर्री_जास्त
आता हसू पण येऊन नाही राहिलं.

पॅडवाला_सर
रविवारच्या आधी एक करून पाहा. मी केलं होतं. मुलांना चार्टपेपर द्या, मोठ्यांना हॉलबाहेर काढा, आणि लिहा म्हणा: सरांनी काय करू नये, आईबाबांनी काय करू नये, आपण काय करू नये. आमच्याकडे सर्वांत वर नऊ वर्षांच्या मुलीने लिहिलं होतं, "आईने व्हिडिओ काढताना ओरडू नये, नंतर मला माझाच आवाज ऐकू येत नाही." माझ्याबद्दल होतं: "सर मोठ्या मुलाला लहान मुलावर सोडतात आणि हसतात." ते वाचून मी दोन दिवस गप्प होतो, खोटं नव्हतं. आता स्पॅरिंगच्या जोड्या वजन आणि पट्टा पाहून लावतो, आणि कालयो (थांबा) म्हटल्यावर जो थांबत नाही तो त्या दिवशी फक्त पूमसे (एकट्याने करायच्या ठरावीक हालचाली) करतो.
आमच्या पानातलं थोडं देतो, तसंच्या तसं उतरवू नका:
मॅटशेजारच्या खुर्चीतला एकच माणूस बोलेल. पालक प्रेक्षकांतून टाळ्या वाजवतील, सूचना देणार नाहीत. निकालाबद्दल काही म्हणायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, त्या दिवशी नाही. डोक्याला लागलं की त्या दिवसापुरता खेळ संपला, मग फायनल असो. कुठलाही सर एकट्या मुलाला गाडीतून सोडणार नाही, दुसरं मोठं माणूस सोबत हवं. मुलांना वैयक्तिक मेसेज नाही, जे काही ते ग्रुपवर, आणि रात्री ९ नंतर तेही नाही. ताणताना, धरून दाखवताना हात लावायचा तर आधी विचारून. वजनाबद्दल आदेश नाही. शाळेत लाथ मारून दाखवली तर पट्टा महिनाभर सरांकडे जमा.
आणि समितीत सरांचा मेव्हणा नको.

शंकरनगर_लॉन्ड्री
पट्टा मात्र धुऊ नका, रंग जातो.

पांढरा_पट्टा_४२
बेल्ट एक्झामच्या फीची पावती मिळावी, हेही घाला. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि पावती म्हणजे सरांचं स्मितहास्य.

त्रिमूर्तीनगरचा_बाबा
(सोमवार) उशिरा लिहितो आहे. डॉक्टरांना दाखवलं. मेंदूला सौम्य धक्का असावा म्हणाले, क्लास बंद ठेवून पुन्हा दाखवायला बोलावलं आहे. बायको माझ्याशी बोलत नाही.
मीटिंग झाली. चार्टपेपर मुलांना शनिवारीच दिला होता. कूलरच्या आवाजात बाहेर काही ऐकू येत नव्हतं, दहा पालक काचेला नाक लावून उभे. माझ्या पोरीचं अक्षर मी ओळखलं. तिने एकच ओळ लिहिली होती, "वजनाचा आकडा ग्रुपवर टाकू नका, सगळी मुलं बघतात." मला वाटलं होतं जेवणाबद्दल लिहील.
सर आधी चिडले, मग वजनाचं मान्य केलं. रेनकोट बंद. खुर्चीचा नियम मान्य, पहिली सही माझी घेतली, सगळे हसले. मेव्हणे हटायला तयार नाहीत, ते आमसभेत पाहू. काकू, १०९८ लावला, मुलांच्या उंचीवर.
आता एकच. बरी झाली की ती ४४मध्ये खेळेल. तिथे सगळ्या उंच पोरी असतात, हिचे पाय आखूड. काय करू?

मानेवाडा_चौक
नवीन धागा काढा. आणि यावेळी खेळ, वय, वजन सगळं आधीच लिहा.