एअर सस्पेन्शन: रात्रीत पुढचा डावा कोपरा बसतो. कॉम्प्रेसर बदलू का?

कृष्णाकाठ (कराड)
२०११ ची डिझेल एसयूव्ही, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (स्प्रिंगांच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे), १ लाख ६२ हजार किलोमीटर. दोन महिने झाले, सकाळी पुढचा डावा कोपरा बसलेला असतो. टेप लावून बघितलं: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत रात्री ४९ सेंटिमीटर, सकाळी ४१. इंजिन चालू केलं की कॉम्प्रेसर घरघरतो आणि गाडी सरळ होते. परवा मात्र पाच मिनिटं घरघरत राहिला, वर पिवळा दिवा लागला.
एक गॅरेजवाले म्हणतात नवा कॉम्प्रेसर टाका. दुसरे म्हणतात सगळं काढून साध्या कॉइल स्प्रिंगा बसवा. पण वडील ७६ चे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बटण दाबून गाडी खाली घेता येते म्हणून त्यांना आधाराशिवाय बसता येतं. ते सोडायचं जिवावर येतंय.

डोंगरवाट
मी कॉइल टाकल्या. कटकट संपली, पण दिवा बंद करायला वेगळं काम करावं लागलं आणि सामान भरलं की मागून बसते. वडिलांसाठी म्हणत असाल तर नका करू.

सतरा_नंबर_पाना
आधी बसचे आणि आता गाड्यांचे फुगे बदलण्यात माझी वीस वर्षं गेली, म्हणून कळकळीने सांगतो, कॉम्प्रेसरला आत्ता हात लावू नका. तो हवा भरतो, कोपऱ्यातली हवा धरून ठेवणं त्याचं काम नाही. एकच कोपरा बसतोय म्हणजे फुगा, पाइपचा जोड किंवा व्हॉल्व्ह ब्लॉक (चारही फुग्यांना हवा वाटून देणारा भाग), या तिघांतलं काहीतरी गळतंय. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर टाकलात तर तोही जास्त धावून तापेल आणि जाईल.
गाडी सगळ्यात वरच्या पातळीला घ्या. एरवी घडीत दडलेलं रबर तेव्हा उघडं पडतं, चिरा तिथेच असतात. बाटलीत साबणाचं पाणी घेऊन फवारा आणि दोन मिनिटं थांबून बघा. पण चॅसीखाली घोड्या (जॅक स्टँड) लावल्याशिवाय चाकाच्या कमानीत हात घालायचा नाही. हवा सुटली की गाडी क्षणात खाली येते, सावरायला वेळ मिळत नाही.
फुगाच निघाला तर पुढचे दोन्ही बदला, दुसराही त्याच वयाचा आहे. रिले, म्हणजे कॉम्प्रेसरचा करंट चालू-बंद करणारा स्विच, तोही नवा टाका. त्याचे पॉइंट चिकटले की किल्ली काढली तरी कॉम्प्रेसर चालू राहतो, सकाळी बॅटरी बसलेली. ड्रायरमधले, म्हणजे हवेतली ओल शोषणाऱ्या डब्यातले, दाणेही बघा. कॉम्प्रेसर इतका धावला की ते ओल धरून निकामी होतात, मग पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोचतं.

कृष्णाकाठ (कराड)
सापडलं! खालच्या घडीत, आतल्या बाजूला. मोहरीएवढे बुडबुडे एकाच जागेतून येत होते, थांबेचनात. उजव्या फुग्यालाही बारीक चिरा होत्या, गळती नव्हती. दोन्ही बदलले, रिले आणि दाणेही नवे. स्कॅनर लावून उंचीचं कॅलिब्रेशन करून घेतलं.
आज सहावी सकाळ, टेप ४९ दाखवतेय. सगळ्यात वरच्या पातळीला जायला कॉम्प्रेसर अजून वेळ घेतो. त्याच्या पिस्टनची रिंग झिजली असेल का? ती सुटी बदलून मिळते का?

सतरा_नंबर_पाना
मिळते. दिवा परत लागला तरच उघडा.