मदत हवी आहे : रेग्युलर सेव्हर खात्यासाठी पात्रतेची अट (इंग्लंड)

मला दरमहा ३०० पौंड भरण्यासाठी ७ टक्के व्याजाचे, एक वर्ष मुदतीचे रेग्युलर सेव्हर खाते उघडायचे आहे. (प्रत्येक हप्ता वेगवेगळा काळ राहत असल्याने ३,६०० पौंडांवर वर्षाअखेरीस साधारण १३६ पौंडच व्याज मिळते, हे ठाऊक आहे, तरीही.) अडचण पात्रतेची आहे. त्याच बँकेच्या करंट अकाउंटमध्ये (रोजच्या व्यवहाराच्या खात्यात) दरमहा किमान १,००० पौंड जमा व्हावेत आणि दोन डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप कापली जाणारी बिले) चालू असावेत, अशी अट आहे.

करंट अकाउंट उघडले आहे. पगाराच्या खात्यातून दर १ तारखेला १,००० पौंड येतात आणि ३ तारखेला परत जातात. फोनचे बिल व कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) तिकडे वळवले आहेत. तरीही मार्चमध्ये ॲपवर ‘अपात्र’ असेच दिसले आणि ग्राहकसेवेकडून दोन फोनवर दोन वेगळी उत्तरे मिळाली. माझा संशय कौन्सिल टॅक्सवर आहे, कारण तो एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत कापला जातो.

पूर्ण स्विच (पगाराचे जुने खातेच सगळ्या व्यवहारांसह नव्या बँकेत हलवणे) शक्य नाही, कारण त्यात जुने खाते बंद होते आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या रेग्युलर सेव्हरचे पाच महिने शिल्लक आहेत. व्याजावरील कराचा प्रश्न नाही. मी १,००० पौंडांच्या करमुक्त मर्यादेत आहे.

स्वतःच्याच दुसऱ्या बँकेतील खात्यातून आलेली रक्कम या अटीसाठी धरली जाते का, आणि डायरेक्ट डेबिट नुसते नोंदलेले असून चालते की त्या महिन्यात प्रत्यक्ष पैसे कापले जावे लागतात?